बोलण्याआधी विचारणारा गाईड

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एसटीची वाट बघणारी माणसं, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप, कांद्याचे ट्रक आणि शनिवार-रविवारी पाठीला सॅक लावलेली पुण्या-मुंबईची पोरं, सगळी इथे एकत्र येतात. नाणेघाटाला कुठून वळायचं, लेण्याद्री किती लांब, माळशेजला आता धुकं असेल का, हे प्रश्न टपरीवरच्या चहावाल्याला पूर्वी दिवसभर ऐकावे लागत. मोबाईलमध्ये नकाशा आल्यापासून ते बरेच कमी झाले. रस्ता दाखवायला आता माणूस लागत नाही. पण रस्ता संपतो, गाडी लागते, आणि समोर कातळात कोरलेली एक अंधारी खोली दिसते. तिथून पुढे माणूस लागतोच.

याच फाट्यावरून हल्ली माणसं परदेशीही निघतात. कोणी द्राक्षवाला कृषी खात्याच्या अभ्यासदौऱ्यातून जातो, कोणाचे आईवडील जर्मनीला किंवा अमेरिकेला मुलाकडे दोन-तीन महिने राहायला जातात, निवृत्त शिक्षकांचा एखादा गट श्रीलंका करून येतो. जायच्या आधी बहुतेकांची चौकशी विमानाच्या तिकिटाची, व्हिसाची आणि जेवणाची असते. तिथला गाईड घ्यायचा का, घ्यायचा तर तो चांगला आहे हे ओळखायचं कसं, याचा विचार शेवटी होतो, नाहीतर होतच नाही. मला वाटतं, ही पारख शिकायला परदेशी जावं लागत नाही. जुन्नर तालुक्यात ती उत्तम शिकता येते. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. इथे बघण्यासारखं अमाप आहे, आणि त्यातलं पुष्कळसं कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

नाणेघाटाचंच घ्या. घाटमाथ्याच्या जरा खाली, कोकणात उतरणाऱ्या वाटेवर ते प्रसिद्ध लेणं आहे. एकटा गेलेला माणूस आत डोकावतो, थंड वाटतं म्हणून जरा टेकतो, बाहेर येऊन फोटो काढतो आणि परत फिरतो. भिंतीवर काहीतरी खरवडल्यासारखं आहे एवढंच त्याच्या लक्षात राहतं. जाणता वाटाड्या बरोबर असला की तो बॅटरीचा उजेड भिंतीवर समोरून पाडत नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरतो. लगेच प्रत्येक खाचेला सावली येते आणि ओळीच्या ओळी उठून दिसू लागतात. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, वय सुमारे दोन हजार वर्षं. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा हा लेख. दोन वेळा केलेला अश्वमेध, इतर यज्ञ, त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी, सगळ्याचा हिशेब आकड्यांसह कोरलेला आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, पण प्रत्येकीच्या वर कोरलेली नावं राहिली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर. बॅटरी कशी धरायची हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते लेणं पुन्हा पुन्हा पाहिलंय, कोणा अभ्यासकाचं लक्ष देऊन ऐकलंय, हे न सांगता कळतं.

त्याची खरी परीक्षा मात्र वर, घाटाच्या तोंडाशी होते. तिथे दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. या रांजणात व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी टाकून घेत, ही गोष्ट सगळेच सांगतात आणि ती ऐकायला छान वाटते. पण लेण्यातल्या लेखात या रांजणाचा किंवा जकातीचा उल्लेख नाही. सांगणारा ‘इथे रोज रांजण भरून नाणी जमत’ असं ठासून म्हणाला, तर तो पाठ केलेलं म्हणतोय असं समजावं. ‘लोक असं सांगतात, घाट व्यापाराचा होता हे नक्की, पण या रांजणाचा लेखी पुरावा नाही’ असं जो म्हणतो, त्याच्यावर दिवसभर विश्वास टाकायला हरकत नाही. मग तो गाईड घाटघरचा असो की रोमचा. म्हणून परदेशात गाईडशी ठरवताना मी एक प्रश्न हटकून विचारायला सांगतो: या जागेबद्दल लोक सांगतात पण खरी नाही, अशी एखादी गोष्ट आहे का? चांगल्या गाईडला हा प्रश्न आवडतो, तो लगेच दोन-तीन गोष्टी सांगतो. दुसऱ्याला तो प्रश्नच कळत नाही.

माझं मुख्य म्हणणं याच्याही आधीचं आहे. गाईडला किती माहिती आहे हे आपण तपासत बसतो. तो आपल्याला काय काय विचारतो, हे आधी बघावं.

आपल्याकडे ही पद्धत फार जुनी आहे. काशीला, गयेला, त्र्यंबकेश्वरला आपला माणूस उतरला की तीर्थोपाध्ये पहिला प्रश्न करत, गाव कोणतं, आडनाव काय. त्यावरून ते आपल्याकडची वही काढत. त्या वहीत आजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होतं, हे आजोबांच्याच हातचं लिहिलेलं सापडे. आजही सापडतं. परमुलखात पाय टाकल्यावर राहायची सोय, जेवण, विधी, फिरणं हे सगळं तो माणूस बघायचा, आणि त्याची सुरुवात आपली चौकशी करण्यापासून व्हायची. या व्यवस्थेत लूटही झाली, यात्रेकरूंच्या तक्रारी जुन्या आहेत. पण समोरचा कोण, कुठला, कशासाठी आला, हे कळल्यावाचून त्याला काय दाखवायचं ते ठरत नाही, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

परदेशातला चांगला गाईडही हेच करतो. पहिल्याच फोनवर किंवा मेसेजवर तो विचारेल: माणसं किती, वयं काय, गुडघ्यांचा त्रास कोणाला, जिने चढवतील का, शाकाहारी किती, याआधी काय पाहून झालंय, कशात रस आहे. यातलं काहीच न विचारता जो थेट दर आणि ठिकाणांची यादी पाठवतो, तो सगळ्यांना तेच दाखवणार. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हे विशेष सांभाळावं. युरोपातल्या जुन्या शहरांत दगडी फरसबंदी असते, गाडी लांब थांबते, स्वच्छतागृहाला पैसे पडतात आणि ते चटकन सापडतही नाही. कुठल्या चर्चला मागून उताराची वाट आहे, कुठल्या संग्रहालयात लिफ्ट आहे, कुठे दहा मिनिटं बसायला बाक आहे, हे रोज तिथे फिरणाऱ्यालाच माहीत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढवताना आपला माणूस आजींना कुठे सावलीत टेकवायचं हे जाणतो, तसंच.

आपण आपल्या बाजूने नीट सांगणंही तितकंच गरजेचं. लंडनचं उदाहरण देतो. नेहमीचा गाईड राजवाडा, टॉवर, थेम्सवरचे पूल दाखवेल, त्याचं चुकत नाही. पण जुन्नरच्या माणसाला तिथे आणखी काही बघायचं असू शकतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. हायगेटमध्ये क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर श्यामजी कृष्णवर्म्यांचं इंडिया हाऊस होतं, सावरकर तिथे राहिले. शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जायचं ठरवलं असेल, तर ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलीत, हे आधी कळलेलं बरं. यातलं काही हवं असेल तर दोन आठवडे आधी सांगावं. गाईडला वाचायला, वेळा बघायला, परवानगी लागत असेल तर ती काढायला अवधी मिळतो. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. अशा मंडळातल्या कोणा सभासदाला ‘तुमच्याकडे पाहुणे आले की तुम्ही कोणाला बोलावता’ एवढं विचारलं तरी चांगलं नाव हाती लागतं. उत्तर अमेरिकेत गावोगावी मंडळं आहेत. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी वस्ती आहे. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्रायली आहेत, त्यांच्यातल्या जुन्या पिढीशी मराठीत बोलता येतं, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं.

इस्रायलचं नाव निघालं म्हणून अभ्यासदौऱ्यांबद्दल. शेतकऱ्यांच्या दौऱ्यात दुभाषा असतो, पण पुष्कळदा तो शेतीतला नसतो. तिकडचा तज्ज्ञ ठिबकच्या दाबाबद्दल, खतपाण्याच्या वेळापत्रकाबद्दल पाच मिनिटं बोलतो आणि इकडे एका वाक्यात ‘ते पाणी मोजून देतात’ एवढंच येतं. आपला शेतकरी प्रश्न फार नेमके विचारतो: विद्राव्य खत कोणत्या अवस्थेत किती, पाण्याचा सामू काय, मुळाजवळचा ओलावा मोजता कसा. ते प्रश्न पलीकडे पोचतच नाहीत. दौरा ठरवतानाच आयोजकाला विचारून ठेवावं की दुभाष्याने याआधी शेतकऱ्यांबरोबर काम केलंय का. आणि आपल्याच गटातल्या कोणा कृषी पदवीधर पोराने शब्दांची यादी करून आधी पाठवावी. एवढ्याने खूप फरक पडतो.

कायद्याचा भागही माहीत हवा. कंपनीच्या सहलीबरोबर मुंबईहून येतो तो टूर मॅनेजर. तो आपली विमानं, हॉटेलं, जेवणं, हरवलेली बॅग सांभाळतो. स्थानिक गाईड वेगळा. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय गाईडचं काम करायला बंदी आहे, त्यामुळे टूर मॅनेजरला कितीही माहिती असली तरी ऐतिहासिक वास्तूत उभं राहून तो ती सांगू शकत नाही. इटलीने डिसेंबर २०२३ मध्ये कायदा करून गाईडसाठी देशभर एक परीक्षा आणि एक नोंदवही ठरवली. तुर्कस्तान, इजिप्त इथेही परवाना लागतो. श्रीलंकेत परवान्याचे प्रकार आहेत: देशभर चालणारा गाईड, एका विभागापुरता, एकाच स्थळापुरता, आणि गाडी चालवत माहिती देणारा. ब्रिटनमध्ये कोणीही गाईड होऊ शकतो, पण ब्लू बॅज मिळालेल्यांनी लांबलचक अभ्यासक्रम आणि परीक्षा पार केलेल्या असतात. जपानने परवान्याची सक्ती जानेवारी २०१८ पासून उठवली. तिथे आता परवानाधारक आणि बिनपरवाना असे दोन्ही भेटतात. नेपाळने एप्रिल २०२३ पासून बहुतेक ट्रेकमार्गांवर परदेशी ट्रेकरला गाईड सक्तीचा केला. तेव्हा देश ठरला की आधी तिथल्या पर्यटन खात्याचा नियम बघावा, परवाना लागत असेल तर गाईडकडे त्याचा नंबर मागावा, आणि खात्याच्या यादीत तो आहे का ते तपासावं. नंबर मागितल्याचा खऱ्या गाईडला राग येत नाही, कारण परवाना मिळवायला त्याची वर्षं गेलेली असतात.

परवाना म्हणजे किमान पात्रता. त्यावरून माणूस प्रामाणिक आहे हे कळत नाही. कैरोत अत्तराचं आणि पपायरसचं दुकान, इस्तंबूलला गालिचे, श्रीलंकेत आणि बँकॉकला रत्नं, ही ठिकाणं ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून दिवसात घुसतात आणि दीड तास खातात. दुकानदाराकडून कमिशन मिळतं म्हणून गाईड दर कमी सांगतो, हे त्यामागचं गणित. फार स्वस्तात मिळालेल्या गाईडची उरलेली मजुरी आपण त्या दुकानात भरतो. म्हणून ठरवतानाच स्पष्ट बोलावं: आम्हाला दुकानं नकोत, तुमचा पूर्ण दर सांगा, आम्ही तो देऊ. तो वर जास्त घेईल, पण दिवस आपल्या हातात राहील. ज्यांना खरोखर खरेदी करायची आहे त्यांनी तीही आधी सांगावी. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पैशाच्या बाकी गोष्टी थोडक्यात. दर माणशी आहे की गटाचा, किती तासांचा, तास वाढले तर काय, तिकिटं आणि गाडी त्यात धरलीय का, गाईडचं जेवण आणि प्रवेशतिकीट कोणी काढायचं, आजारी पडलो किंवा विमान चुकलं तर किती परत, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं. तोंडी बोलणं दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं. बक्षिसीची रीत देशागणिक बदलते. अमेरिकेत ती अपेक्षित असते, इजिप्तमध्ये तर जवळजवळ दराचाच भाग असते, जपानमध्ये देण्याची पद्धत नाही, हातात नोटा ठेवल्या तर समोरचा माणूस अवघडतो. ‘फुकट’ म्हणून जाहिरात होणाऱ्या पायी सहली युरोपात पुष्कळ आहेत. शेवटी जो तो आपल्या मर्जीने पैसे देतो आणि गाईडचं पोट त्यावरच असतं. शहराची पहिली ओळख करून घ्यायला, आणि एखादा गाईड आवडला तर दुसऱ्या दिवसासाठी त्याला वेगळा बोलवायला ही जागा चांगली. पण तिथूनही काही न देता निघून जाऊ नये.

सगळ्या दिवसांसाठी गाईड घ्यायची गरज नसते. बाग, बाजार, समुद्रकिनारा आपलं आपण बघावं, चुकावं, विचारावं. जिथे समोर दिसणाऱ्या वस्तूपेक्षा तिची गोष्ट मोठी आहे तिथे गाईडवर पैसे घालावेत. आमच्याकडचं याचं उत्तम उदाहरण बोरी बुद्रुक, फाट्यापासून जवळच. कुकडी नदीच्या काठावर मातीच्या थरांमध्ये करड्या-पांढऱ्या राखेचा एक थर दिसतो. दाखवणारा नसेल तर कोणी थांबणारही नाही. ही ज्वालामुखीची राख आहे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे अश्मयुगीन दगडी हत्यारं शोधली. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्याचीच ही राख असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. काहींच्या मते ती त्याहून कितीतरी जुनी आहे. इंडोनेशियाला फिरायला गेलेल्या आपल्याकडच्या माणसाने टोबा सरोवरावर गाईड घेतला आणि त्याला सांगितलं की तुमच्या या डोंगराची राख आमच्या नदीकाठी आहे, तर त्या दोघांचं बोलणं कुठल्या कुठे जाईल! गाईडला आपल्याकडचंही काही द्यावं. चांगला गाईड ते जपून ठेवतो आणि पुढच्या माणसाला सांगतो.

परदेशी माणूस इकडे येणं यात तर काही नवं नाही. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याच्या टाक्या दान दिल्याचा लेख आहे, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीच्या लेण्यांत चंद नावाच्या तिसऱ्याचं दान आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुठून कुठून आलेली ही माणसं इथल्या भिक्षूंची तहानभूक जाणत होती, म्हणजे त्यांना कोणीतरी इथलं सगळं नीट समजावून दिलं असणार. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला शिवनेरीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला जगभर पर्यटक मार्गदर्शक दिन पाळला जातो. त्या दिवशी शिवनेरीच्या लेण्यांतले हे यवनांचे लेख एखाद्या स्थानिक पोराने वाचून दाखवावेत, असं मला फार वाटतं.

कारण इथले वाटाडे अजून उपेक्षित आहेत. घाटघर, आंबे, हातवीज, दुर्गवाडी, आंबेगावातलं आहुपे, या गावांतल्या महादेव कोळी समाजाच्या पोरांना कड्याची प्रत्येक नाळ माहीत असते. हिरडा गोळा करायला, गुरं चारायला ती लहानपणापासून तिथे चढलेली असतात. शहरातून येणारे ट्रेकचे गट बरोबर स्वतःचा लीडर आणतात, गावात भाकरी-पिठलं खातात आणि गावातला माणूस न घेता जीवधनावर चढतात. कल्याण दरवाजाकडच्या फोडलेल्या पायऱ्या आणि कातळटप्पा पावसाळ्यात काय करतो, हे त्या लीडरने फोटोत पाहिलेलं असतं. नेपाळला गेल्यावर हीच मंडळी शेर्पा गाईडला मुकाट्याने दिवसाचा दर देतात आणि त्याचं मोठ्या आदराने ऐकतात. घाटघरच्या माणसालाही तसाच ठरलेला दर द्यावा, त्याच्या जेवणाचं आणि परत जायचं बघावं, त्याचं नाव विचारावं आणि पुढच्या गटाला ते द्यावं.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी, इथेही आणि परदेशी डोंगरातही. सकाळी ढग बघून, ओढ्याचं पाणी बघून, वाऱ्याचा रोख बघून वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर त्या दिवसाची त्याची मजुरी पूर्ण द्यायची. पैसे बुडतील या भीतीने तो नाइलाजाने वर घेऊन जातो, आणि माळशेज-नाणेघाटाच्या धुक्यात, निसरड्या कड्यावर माणसं त्यातून जखमी होतात. मजुरी पक्की असली की ‘आज नको’ हे तो मोकळेपणाने सांगतो. मग दिवस फुकट जाऊ नये म्हणून पूरच्या कुकडेश्वराचं कोरीव मंदिर दाखवतो, घरी नेऊन चुलीवरची भाकर खाऊ घालतो, आणि उद्या पहाटे पाऊस उघडला तर किती वाजता निघायचं ते सांगतो.